कॉलेज ग्रुपचा म्युझिक व्हिडिओ दोन महिने एडिट करतोय, संपतच नाहीये. दुसऱ्या कडव्यापासून ओठ गाण्याशी जुळत नाहीत आणि सात जण सात मतं देतात. काय करू?

तुमच्या प्रश्नात दोन दुखणी आहेत. दुसऱ्या कडव्यापासून ओठ गाण्याच्या मागे पडतात, आणि सात जणांची सात मतं. पहिलं एका संध्याकाळीत सुटेल. दुसऱ्यात मी ठाण्यात आमच्या व्हिडिओचे पाच आठवडे घालवलेत.

आधी ओठांचं. मोबाइलवर शूट केलंय ना? उजेड कमी-जास्त झाला की मोबाइल सेकंदाला कधी ३० फ्रेम (म्हणजे चित्रं) घेतो, कधी त्याहून कमी. एडिटिंग सॉफ्टवेअर वेग एकच धरून चालतं, म्हणून सुरुवातीला जुळलेलं गाणं हळूहळू सरकत जातं. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात कॉन्स्टंट फ्रेमरेट, म्हणजे फ्रेमचा एकच वेग, निवडून सगळ्या क्लिप नव्याने बनवा आणि टाइमलाइनला त्या जोडा. काही कट इकडेतिकडे होतील, ते हाताने सरळ करा. क्लिपचे तुकडे पाडून ढकलत बसू नका. मी दोन रात्री बसलोय.

फरक वाढत नसेल, पण पहिल्यापासून किंचित असेल, तर शूटच्या वेळी गाणं वाजवणारा स्पीकर लांब होता का बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गायिका स्पीकरपासून १४ मीटरवर असेल तर सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ओठ एक फ्रेम मागे गेले. उपवन तलावावर आमचं हेच झालं. बघणाऱ्याला ती एक फ्रेम कळत नाही, एडिट करणाऱ्याची मात्र झोप उडते.

आता मतं. त्याआधी गाण्याचं मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेलं शेवटचं रेकॉर्डिंग, लॉक करून घ्या, अगदी लिहून घ्या. आमच्या गायिकेने तीनदा नवं मिक्स पाठवलं. तिसऱ्यात मधल्या म्युझिकची दोन आवर्तनं कमी होती, म्हणजे तिथून पुढचा प्रत्येक कट चुकला.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवून 'कसा वाटला?' विचारू नका. तिथे तो दाबला जातो आणि सगळे 'कलर काळपट वाटतोय' एवढंच लिहितात. आम्ही शेवटी कळव्याला एकाच्या घरी टीव्हीला लॅपटॉप जोडला. प्रत्येकाला कागद दिला. दोनदा बघायचं, वेळ आणि तक्रार लिहायची, बोलायचं नाही. तिघांनी लिहिलेलं तेवढंच बदललं. बाकी कागद मी बॅगेत टाकले आणि परत काढले नाहीत.

एक अपवाद केला. ढोलकीवाल्याची तक्रार एकट्याचीच होती: 'माझी थाप दिसतच नाही.' कच्चं फुटेज परत बघितलं तर मासुंदा तलावाच्या कट्ट्यावरचा एक शॉट सापडला. तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळलेली, थापेसरशी तिचं सुटलेलं टोक उडतंय. गायिकेच्या स्लो-मोशनला कात्री लावून ते चार सेकंद तिथे बसवले. ती आठवडाभर बोलली नाही, पण व्हिडिओला जीव तिथेच आला.

एक्स्पोर्ट करण्याआधी शेवटची नामावली ज्याची त्याच्याकडून वाचून घ्या. यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही. आमच्या ढोलकीवाल्याच्या आडनावावरचा अनुस्वार गेलाय, तो अजून तसाच आहे.