काटा तपासणाऱ्याची नोकरी

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमची केळीची शेती आहे. मुलगी जळगावला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातला एक क्लास म्हणतो, सहा महिन्यांत सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवतो, स्टार्टअपमध्ये नोकरी हमखास, फी ६५ हजार. तिचा मामेभाऊ डेव्हलपर आहे. त्याचं म्हणणं, कोडिंग जमत नाही तेच टेस्टिंगला जातात, आणि आता तेही काम एआय करणार. फी भरायला आठ दिवस दिलेत. काय करावं?

उत्तर : भाऊ, आठ दिवसांची घाई क्लासवाल्याला आहे. तुमच्या लेकीची परीक्षा व्हायची आहे, तोवर तिच्या हातात कॉलेज आहे, लॅब आहे आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

मामेभाऊ अर्धं खरं बोलतोय. दुसऱ्याने लिहून दिलेली एक्सेल शीट घ्यायची, ओळीमागून ओळ वाचत बटणं दाबायची आणि ‘पास’, ‘फेल’ लिहायचं, एवढ्याच कामाला टेस्टिंग म्हणणारे बरेच होते. ते काम आटतंय हे खरं आहे. स्टार्टअपमध्ये मात्र ती शीट लिहून द्यायलाच कोणी नसतं. काय तपासायचं, हे टेस्टरलाच ठरवावं लागतं.

तुमच्या घरचंच उदाहरण घेऊ. समजा, केळी खरेदीचं एक ॲप आहे. त्यात भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि क्विंटलचा भाव भरायचा. ॲप निव्वळ वजन काढतं आणि रक्कम दाखवतं. नियम असा की निव्वळ वजन १०० किलो ते २०,००० किलो यांच्यातच हवं. नवखा माणूस २९५५ आणि १७२० टाकतो, १२३५ किलो आलं की खूश होतो. टेस्टर हद्दीवर जातो : ९९, १००, १०१ आणि वरच्या टोकाला १९,९९९, २०,०००, २०,००१. कोडमध्ये ‘पेक्षा मोठं’ आणि ‘पेक्षा मोठं किंवा तेवढंच’ यांची गल्लत नेमकी तिथेच होते. मग तो दोन्ही वजनं उलटी टाकतो, सारखी टाकतो, एक रिकामं सोडतो, एक किलोत आणि दुसरं क्विंटलमध्ये भरतो. वजा वजन आलं तर ॲप अडवतं, की वजा रकमेची पावती छापतं?

पुढे खरी गंमत आहे. शेतकऱ्याचा कीबोर्ड मराठी असेल तर आकडे देवनागरीत पडू शकतात. मजकूर म्हणून आलेला देवनागरी आकडा सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य कॉम्प्युटरवर, पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ‘इंट’ ही आज्ञा बिनतक्रार ओळखते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेची ‘नंबर’ ही आज्ञा मात्र त्याला आकडाच मानत नाही. म्हणजे एकाच ॲपचे दोन भाग एकाच वजनावर दोन मतं देतात. पुण्याच्या ऑफिसात सगळे इंग्रजी कीबोर्डवर टाइप करतात, त्यामुळे ही चूक तिथे वर्षभरही दिसणार नाही. चोपड्याच्या मुलीला ती पहिल्या दिवशी सुचू शकते.

आता रक्कम. १२.३५ क्विंटल गुणिले १,४३७ रुपये, बरोबर १७,७४६ रुपये ९५ पैसे. स्क्रीन ९५ पैसे दाखवते, पावती १७,७४७ छापते आणि बँकेत १७,७४६ जातात, असं झालं तर तिन्ही ठिकाणच्या प्रोग्रामरनी पैसे आपापल्या पद्धतीने ‘राउंड’ केलेत. एका पावतीत हे कोणी बघत नाही. महिनाअखेरीस हजार पावत्यांचा हिशोब लागत नाही तेव्हा बोंब होते.

आणि रेंज. शेतात ‘जमा करा’ दाबलं, चक्र फिरत राहिलं, माणसाने पुन्हा दाबलं. माल एक आणि पावत्या दोन. उपाय माहीत असलेला आहे : प्रत्येक व्यवहाराला मोबाइलवरच एक वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर नवी नोंद करत नाही. पण तो उपाय केलाय का, हे बटण दाबल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर टाकून आणि मग परत चालू करूनच कळतं.

एवढं शोधल्यावर ते लिहिता आलं पाहिजे. ‘पावती नीट येत नाही’ अशी तक्रार डेव्हलपर वाचून सोडून देतो. ‘ॲप आवृत्ती अमुक, अँड्रॉइड १३, पाऊल १ : भरलेलं वजन २९५५, पाऊल २ : रिकामं १७२०, पाऊल ३ : भाव १४३७, अपेक्षित १७,७४६.९५, पावतीवर १७,७४७, पाचपैकी पाच वेळा, सोबत स्क्रीनशॉट’ असं लिहिलं की दहा मिनिटांत चूक सापडते. माझ्या मते नव्या टेस्टरची परीक्षा या पाच-सहा ओळींतच होते.

हे काम कमी दर्जाचं म्हणणाऱ्याला १ ऑगस्ट २०१२ची गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहाराच्या कंपनीला नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातांवरच चढला. आठव्यावर जुनं, वापरातून गेलेलं कोड जागं झालं आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झालं. घाई होती आणि चढवल्यानंतर कोणी मोजून पाहिलं नाही.

स्टार्टअपमध्ये ही घाई रोजचीच. आठवड्याला, कधी रोज नवी आवृत्ती बाहेर पडते. नियम कागदावर नसतात, कुणाच्या तरी डोक्यात किंवा व्हॉट्सॲपवर असतात. आठ-दहा डेव्हलपरमागे एखादाच टेस्टर असतो, कुठे तोही नसतो. नव्या सोयी वाढतात तसं जुनं पुन्हा तपासायचं ओझंही वाढतं. मग कोणी म्हणतं, ऑटोमेट करा, म्हणजे तपास प्रोग्रामकडूनच करून घ्या, आणि सगळे तपास स्क्रीनवरूनच लिहिले जातात. ते हळू चालतात, आणि ‘पाच सेकंद थांब’ असं लिहून ठेवलेलं असलं की नेट मंद झाल्याबरोबर खोटेच फेल होतात. दोन महिन्यांत त्या लाल खुणांकडे कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून बेरजा-वजाबाक्या कोडच्या पातळीवर तपासायच्या, व्यवहार एपीआयवर (ॲप आणि सर्व्हर ज्या वाटेने बोलतात तिथे), आणि स्क्रीनवर मोजकेच : लॉगिन, पावती, पैसे. एआय शंभर टेस्ट केस, म्हणजे काय टाकायचं आणि काय यायला हवं त्याच्या नोंदी, क्षणात लिहून देतो, त्या वापराव्यातच. मात्र वजन काट्यावरचं धरायचं की घट वजा करून, हा तुमच्या व्यापाराचा नियम त्याला कोणीतरी सांगावा लागतो. शिवाय एआयमुळे कोडही भराभर लिहिलं जातंय. तपासायचा ढीग वाढतोच आहे.

तर मामेभावाचं ‘कोडिंग जमत नाही’ हे कारण धरून मुलीने इकडे येऊ नये. थोडं कोडिंग लागतंच.

सहा महिने, रोज दोन तास धरा. पहिला दीड महिना हद्दीचे तपास आणि बग, म्हणजे सापडलेल्या चुका, लिहिण्याचा सराव. मग महिनाभर एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा : सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय, कारण स्क्रीनवर बरोबर दिसलेला आकडा टेबलात बरोबर गेलाय का, हे तिथेच दिसतं. त्यानंतर पोस्टमन या साधनावर एपीआय. शेवटचे अडीच-तीन महिने पायथन, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) आणि स्क्रीनवरचे तपास आपोआप चालवणाऱ्या प्लेराइट किंवा सेलेनियम यांपैकी एकच. दोन्हींच्या मागे लागू नये. वर सांगितलेलं पावतीचं ॲप हाच तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट होऊ शकतो. स्वतः बनवायचं, स्वतः मोडायचं आणि ३०-४० नीट लिहिलेले बग गिटहब या साइटवर सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे. दुसऱ्याच्या चालू साइटवर मात्र परवानगीशिवाय लोड टेस्ट, म्हणजे मुद्दाम गर्दीचा भार टाकून बघणं, करू नये, ते कायद्याने अंगाशी येतं.

आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं फाउंडेशन प्रमाणपत्र घ्यायचं तर अभ्यासक्रम मोफत मिळतो. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना १५ मिनिटं जादा. अर्जाच्या चाळणीत त्याचा उपयोग होतो. मुलाखतीत गिटहबच बोलतं.

क्लासबद्दल. ‘हमखास’ हा शब्द लेखी द्या म्हणावं, नोकरी न लागल्यास फी परत करण्याच्या अटीसह. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका. आणि दोन वर्षांचा खोटा अनुभव लावून देतो, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा : पडताळणीत पीएफची नोंद बघितली जाते, त्यात ती दोन वर्षं कुठेच नसतात, आणि लागलेली नोकरी जाते.

स्टार्टअपची ऑफर आली तर कंपनीचं नाव कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर शोधा, नोंदणी कधीची ते तिथे दिसतं. मुलीने मुलाखतीत विचारावं : पगार पीएफसकट आहे का, टेस्टर किती, आणि टेस्टरने नको म्हटलं तर आवृत्ती थांबते का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला तर काय समजायचं ते तिला कळेल. शेअर देतो म्हणाले तर आनंदाने घ्यावेत, पण खोलीभाडं आणि मेसचा हिशोब हातात येणाऱ्या पगारावरच करावा.

तुमच्याकडून एक मदत हवी. गेल्या हंगामातल्या काट्याच्या वीस-पंचवीस पावत्या तिला काढून द्या. पुसट आकड्यांच्या, दोनदा छापलेल्या, रिकाम्या गाडीचं वजन हाताने खोडून लिहिलेल्या असल्या तर त्या आधी द्या.