समुद्राखालचे सांधे गळत का नाहीत?

प्रश्न : डेन्मार्क-जर्मनीमधला फेहमार्नबेल्ट बोगदा तुकड्यातुकड्यांनी समुद्रात बसवतात. मग सांध्यांतून पाणी कसं शिरत नाही? आणि त्याला विरोध कशासाठी झाला?
– एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : 18 किलोमीटरसाठी काँक्रीटचे 89 तुकडे. नेहमीचा तुकडा 217 मीटर लांब, 73,000 टनांचा. तरी दोन्ही तोंडं पोलादी पडद्यांनी बंद केली की तरंगतो. आतल्या टाक्यांत पाणी भरून तो समुद्रतळावर खोदलेल्या चरातल्या खडीवर उतरवतात. तोंडाभोवती जाड रबरी गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी पट्टी, असते. आधीच्या तुकड्याला टेकवून दोन पडद्यांमधलं पाणी उपसलं, की मागून समुद्रच त्याला रेटतो. 30 मीटर खोलीवर हा रेटा चौरस मीटरला सुमारे 30 टन! रबर चेपून घट्ट बसतं. तुकडा तिरका टेकला किंवा मध्ये खडा अडकला, तर एका बाजूला रबर पुरेसं दबत नाही आणि गळती होते. म्हणून आतून दुसरा रबरी पट्टा लावतात. तुमच्या उद्यमनगरात कास्टिंगचा (ओतीव भागाचा) टेकणारा पृष्ठभाग घासून सपाट करतात, त्यामागचं कारणही हेच : गॅस्केट सगळीकडे सारखं दबावं.

विरोध मुख्यतः जर्मनीतून झाला. चर खोदताना गाळ उठतो. पॉरपॉइज हे डॉल्फिनसारखे प्राणी आणि समुद्रतळावरचे दगडी रीफ (खडकांचे उंचवटे) यांना त्याचा धोका. फेरी कंपन्यांना धंद्याची चिंता होती. नोव्हेंबर 2020 मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने दावे फेटाळले. रीफबद्दलचा आक्षेप मात्र आम्हाला रास्तच वाटतो.