आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, पण बोटं सुजतातच. पुढची तपासणी करू का?

तुम्ही पत्रात लिहिलंत: वय 32, दोन महिने झाले दोन्ही हातांच्या बोटांची मुळं आणि मनगटं सुजतात, सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. अंगातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी वाढलेला, आमवातासाठी (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) बघतात तो आरए फॅक्टर मात्र निगेटिव्ह. घरचे म्हणतात, वात आहे, जाईल. डॉक्टरांनी लिहून दिलेली अँटी-सीसीपी, म्हणजे आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी, खर्चाकडे बघून राहून गेली. मी डॉक्टर नाही, नागपुरात महाल भागात शिवणकाम करते. बरीच वर्षं आमवात माझ्या अंगावर आहे, म्हणून लिहिते.

अँटी-सीसीपी करून घ्या. आमवात असलेल्या शंभरातल्या वीस-तीस जणांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो. उलट म्हातारपणी किंवा हिपॅटायटिस सी असताना तो आजार नसतानाही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली तर शंका फारशी उरत नाही. तीही निगेटिव्ह आली, तरी सुटलो असं समजू नका. डॉक्टर लोक 2010 पासून एक गुणांची पद्धत वापरतात. दहापैकी सहा गुण झाले आणि त्या सुजेला दुसरं कारण सापडलं नाही, की आमवात धरतात. लहान सांधे धरून दहाच्या वर सांधे धरलेले असतील तर त्याचेच 5, सूज सहा आठवडे टिकली त्याचा 1, सीआरपी किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची आणखी एक तपासणी) वाढला त्याचा 1. झाले ना सात? रक्तातले दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह असतानाही! म्हणून लॅबच्या कागदापेक्षा एकेक सांधा बोटाने दाबून पाहणारा डॉक्टर महत्त्वाचा. तो ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांधेवाताचा तज्ज्ञ, असेल तर उत्तम. धंतोली-रामदासपेठेत खाजगी दवाखाने भरपूर आहेत. खर्च झेपत नसेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या मेडिसिन ओपीडीत जा, मिहानकडे एम्सही आहे.

ईएसआरचा आकडा पाहून धसका घेऊ नका. हिमोग्लोबिन कमी असलं तरी तो वाढतो, आणि आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन जागेवर असतं?

पावसाळ्यात ताप येऊन गेल्याचं तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंत. डॉक्टरांना मात्र ते सगळ्यात आधी सांगा. 2024 मध्ये नागपुरात चिकनगुनियाने घरंच्या घरं झोपवली होती, आणि त्या तापानंतरही हेच सांधे, अशीच सूज, कधी कधी महिनोन्‌महिने राहते. दिसायला दोन्ही सारखं, पण उपचाराची दिशा वेगळी होऊ शकते.

आता एक कामाची गोष्ट. सूज सकाळी असते आणि आपला नंबर लागतो संध्याकाळी. तोवर हात बऱ्यापैकी उतरलेला असतो, डॉक्टर विचारतात "कुठे आहे सूज?" आणि आपण नुसते बघत राहतो. सकाळी उठल्या उठल्या खिडकीच्या उजेडात दोन्ही पंजे पालथे ठेवून मोबाइलवर फोटो काढा. बोटांच्या मुळाशी एरवी उंचवटे आणि मधे खळगे दिसतात; सूज असली की खळगे भरून सगळं सपाट दिसतं. मूठ किती वाजता पूर्ण वळली, तेही लिहून ठेवा. आणि अंगठ्या आजच काढा. बोट फुगल्यावर साबण लावूनही निघत नाहीत, मग सोनाराकडे कापायला जावं लागतं.

निदान होण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून लेबल नसलेली पुडी किंवा गोळी घेऊ नका. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड निघतं. सूज दबते, सीआरपी खाली येतो, डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही, आणि आत सांध्याची झीज चालूच राहू शकते.

घरात सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघड-मीट करा, आखडलेपणाला त्याने बरं वाटतं. सांधा गरम आणि टरारलेला असेल तर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. अशा सांध्याला तेल लावून रगडू नका, कितीही प्रेमाने कुणी रगडायला बसलं तरी. कणीक तिंबणं आणि चादरी पिळणं दुसऱ्या कुणावर तरी सोपवा. मी कात्रीच्या दांड्यांना जाड कापडी पट्टी गुंडाळली आहे. जाड मुठीला बोटं कमी आवळावी लागतात.

पथ्याचं म्हणाल, तर शेजारीण मला दर हिवाळ्यात म्हणते, "कायले खाते वं संत्री? आंबट आहे न!" मी खाते. आंबटाने हा आजार होत नाही. युरिक अ‍ॅसिडचा आजार वेगळा, त्याचं पथ्य वेगळं.

निदान पक्कं झालं तर बहुधा मेथोट्रेक्सेट सुरू होईल. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढ्यात "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. लिव्हर, किडनी आणि रक्तपेशींच्या तपासण्या अधूनमधून कराव्याच लागतात, त्या टाळू नका.

मूल हवं असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर हे पहिल्याच भेटीत बोला. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ती काही महिने आधीच थांबवायची असते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन ही औषधं गरोदरपणातही देता येतात, तेव्हा अडून बसायचं कारण नाही.