संक्रमण आणि संक्रांत

प्रश्न असा आहे: कोळसा सोडून सौर-पवन ऊर्जेकडे जाण्याबद्दलच्या लेखांत ‘जस्ट ट्रान्झिशन’साठी, म्हणजे हा बदल होताना कुणावर अन्याय होऊ नये या कल्पनेसाठी, न्यायी, न्यायिक आणि न्याय्य अशी तीन विशेषणं दिसतात. बरोबर कोणतं? आणि ‘ट्रान्झिशन’ला ‘संक्रमण’ म्हटलं की करोना आठवतो, मग ‘स्थित्यंतर’ का नको?

पहिल्याचं उत्तर सोपं. राजा न्यायी, चौकशी न्यायिक, मागणी न्याय्य. इथे न्याय्यच हवं. शेवटचा जोड ‘य्य’ लिहायचा कंटाळा करू नये.

दुसऱ्यात खरी गंमत आहे. ‘स्थित्यंतर’ म्हणजे दुसरी स्थिती. वेषांतर, भाषांतर यांतलंच ते ‘अंतर’. शब्द देखणा, पण त्यात चालणारं कोणी दिसत नाही. ‘संक्रमण’मध्ये ‘क्रम्’ धातू आहे, म्हणजे पाऊल टाकणं. सूर्य मकर राशीत पाऊल टाकतो ती संक्रांतही त्याच धातूची. आणि मराठीत संक्रांत नुसती तिळगुळाची नसते, ती नोकरीवर येते, पोटावर येते. तिचं वाहन कोणतं, ती कुठल्या दिशेला बघते, हे पंचांगात छापलेलं असतं. बघेल तिकडे संकट, असा समज.

ऊर्जेची संक्रांत कुठे बघते? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातले 210 मेगावॅटचे पहिले दोन संच कधीच बंद झाले. असा संच थांबला की कायम कामगाराची बदली होऊ शकते. ठेकेदाराच्या माणसाचा गेटपासच संपतो. सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याला पैसे मिळतात. तेच पॅनेल गायरानावर आले, तर तिथे शेळ्या चारणारीचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर शोधणार?

मूळ संज्ञा अमेरिकेतल्या कामगार संघटनांची. तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या संघटनेचे टोनी मॅझोकी यांनी घातक उद्योग बंद करताना तिथल्या कामगारांची सोय लावा, असा आग्रह धरला होता. हवामान बदलावरच्या 2015 च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही ती कामगारांच्या संदर्भातच येते. शेळीवालीपर्यंत तिला आपल्यालाच ओढून न्यावं लागेल.

म्हणून मी लेखात ‘न्याय्य संक्रमण’ लिहीन. ग्रामसभेत मात्र, ‘कोळसा गेला तरी पोटावर संक्रांत येता कामा नये’ एवढंच म्हणेन.