वाचकांचे प्रश्न : गाडीतले सिम कोणाच्या नावावर?

गाडीत कंपनीनेच बसवून दिलेला फोन आपल्या मोबाइल प्लॅनला जोडता येतो का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे आली आहेत. अमेरिकेत, जर्मनीत आणि आपल्याकडे याचे उत्तर वेगवेगळे आहे. म्हणून पत्रे देशवार लावली आहेत.

प्रश्न : २०१९ची शेवरोले इक्विनॉक्स आहे, तिच्यात ऑनस्टार (जनरल मोटर्सच्या गाड्यांत येणारी फोन आणि मदतीची सेवा) आहे. घरात एटीअँडटीचा चार लाइनींचा फॅमिली प्लॅन आहे. दुकानात सांगितले की महिना वीस डॉलरमध्ये गाडीही प्लॅनमध्ये घेता येते. घेतली. वायफाय सुरू झाले, पण गाडीतून फोन लावला की मिनिटे शिल्लक नाहीत असे ऐकू येते. मग पैसे कशाचे घेतले? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : पैसे डेटाचे घेतले. जनरल मोटर्सच्या २०१५ आणि त्यानंतरच्या बहुतेक मॉडेलांत एटीअँडटीचे एलटीई (फोर-जी) सिम कारखान्यातच बसवलेले असते. पण डेटा आणि बोलणे यांचे हिशेब वेगळे आहेत. वायफाय हॉटस्पॉटचा डेटा एटीअँडटीच्या बिलात घेता येतो. बोलण्याची मिनिटे ऑनस्टारच्या खात्यात राहतात आणि फॅमिली प्लॅनच्या अमर्याद कॉलमध्ये मिसळत नाहीत. दुकानातला माणूस ‘गाडी प्लॅनमध्ये घेतली’ म्हणतो, तेव्हा तो फक्त डेटाबद्दल बोलत असतो. ग्राहक मात्र फोनचा अर्थ घेतो, आणि हा गैरसमज दूर करण्याची दुकानाला घाई नसते.

गाडीच्या फोनला स्वतःचा दहा आकडी नंबर असतो. इंजिन चालू करून आरशाजवळचे फोनचे बटण दाबा. ‘ऑनस्टार रेडी’ ऐकू आल्यावर ‘माय नंबर’ म्हणा. हँड्स-फ्री कॉलिंग (ऑनस्टारची गाडीतूनच बोलण्याची सोय) चालू असेल, तर गाडी नंबर वाचून दाखवते. नंबर आला नाही, तर निळे बटण दाबून प्रतिनिधीला दोनच गोष्टी विचारा : या गाडीला हँड्स-फ्री कॉलिंग अजून मिळते का, आणि माझ्या ऑनस्टार योजनेत किती मिनिटे आहेत. एटीअँडटीच्या ग्राहकसेवेला हे विचारून उपयोग नाही, कारण मिनिटांचा हिशेब त्यांच्यासमोर नसतो.

फोन लावताना ‘कॉल’ म्हणून पूर्ण नंबर एका दमात सांगायचा, सुरुवातीचा १ आणि एरिया कोड धरून. आपल्याला फोन नंबर तीन-तीन आकडे सुटे म्हणायची सवय असते. मध्ये थांबलात की यंत्र नंबर संपला असे समजते. रोजचे नंबर ‘स्टोअर’ म्हणून साठवता येतात. नाव तुमच्याच आवाजात नोंदले जात असल्यामुळे इंग्रजी उच्चाराची कसरत करावी लागत नाही. ‘आई’ किंवा ‘ज्ञानेश्वर काका’ असे सरळ मराठीत नोंदवा.

दोन्ही नंबर एकत्र करायचा जवळचा मार्ग कॉल फॉरवर्डिंगचा आहे. एटीअँडटीच्या फोनवरून दोनदा स्टार, ६२, स्टार, गाडीचा नंबर, हॅश असा कोड लावा. मग मोबाइल बंद असताना किंवा रेंजमध्ये नसताना येणारे कॉल गाडीकडे जातात. ६२ऐवजी २१ टाकले तर सगळेच कॉल वळतात. घरी विसरलेला फोन चालूच असतो, म्हणून त्या प्रसंगात ६२चा उपयोग होत नाही. इंजिन बंद असेल तर गाडीचा फोन वाजत नाही आणि वळवलेला कॉल व्हॉइसमेलमध्येही पडत नाही. शिवाय वळून आलेला प्रत्येक कॉल ऑनस्टारची मिनिटे खातो. फॉरवर्डिंग काढायला दोनदा हॅश, ६२, हॅश. काढल्यावर दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करा आणि व्हॉइसमेल पुन्हा लागतो का ते पाहा.

एवढे करूनही साधा ब्लूटूथ बहुतेकांना पुरतो. रोजच्या बोलण्यासाठी वेगळी मिनिटे विकत घेण्यात अर्थ नाही. गाडीच्या फोनचे बलस्थान छतावरचा अँटेना आहे. डोंगराळ भागात हातातल्या फोनची रेंज गेली तरी तो बऱ्याचदा तग धरतो. तुमचा रोजचा रस्ता तसा असेल तरच हा खटाटोप करा.

प्रश्न : जुनी जीएमसी घेतली. डेटा माझ्या प्लॅनमध्ये घ्यायला गेलो, तर ‘ही गाडी दुसऱ्या खात्यावर आहे’ असा संदेश येतो. (डॅलस)

उत्तर : आधीच्या मालकाने गाडी विकली, पण खाते बंद केले नाही. गाडीची ओळख १७ अक्षरांच्या व्हीआयएनने होते. तो समोरच्या काचेच्या खाली, चालकाच्या बाजूला दिसतो. गाडीत बसून निळे बटण दाबा, मालकी बदलल्याचे सांगा आणि टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) किंवा विक्रीची पावती हाताशी ठेवा. जुने नाव निघाल्यावर आधी ऑनस्टारचे खाते तुमच्या नावावर उघडा आणि मग एटीअँडटीकडे जा. क्रम उलटा झाला की पुन्हा तोच संदेश. बिल भावाच्या नावावर असेल, तर जोडणी त्याच्याच लॉगिनमधून करावी लागेल. आणि पुढे ही गाडी विकाल तेव्हा एटीअँडटीच्या बिलातली गाडीची लाइन वेगळी बंद करायला विसरू नका. गाडी गेली म्हणून ती आपोआप थांबत नाही.

प्रश्न : माझ्याकडे २०१०ची ब्युइक आहे. जुन्या माहितीपत्रकात लिहिले आहे की ऑनस्टारचा फोन व्हेरायझनच्या फॅमिली प्लॅनमध्ये जोडता येतो. दुकानात कोणालाच ठाऊक नाही. फ्यूज काढून टाकू का? (डेट्रॉइटजवळ)

उत्तर : माहितीपत्रक खोटे नाही, पण त्याचा काळ सरला आहे. तेव्हा ऑनस्टारचा आवाज व्हेरायझनच्या जाळ्यावर जात असे. गाडीची लाइन घरच्या सामायिक मिनिटांच्या प्लॅनमध्ये जास्तीची लाइन म्हणून घेता येत असे. व्हेरायझनने सीडीएमए हे आपले जुन्या पद्धतीचे जाळे २०२२च्या अखेरीस बंद केले आणि या पिढीच्या गाड्यांचा फोन मुका झाला. त्या जाळ्याच्या यंत्रात सिमकार्डच नसते, नंबर यंत्रातच भरलेला असतो. त्यामुळे सिम बदलून चालवण्याची वाट नाही. ऑनस्टारच्या ग्राहकांवर ही वेळ दुसऱ्यांदा आली. १९९६ साली सुरू झालेली ही सेवा आधी अ‍ॅनालॉग जाळ्यावर होती. अमेरिकी दूरसंचार आयोगाने कंपन्यांवरचे अ‍ॅनालॉगचे बंधन फेब्रुवारी २००८मध्ये उठवले, तेव्हा त्या सुरुवातीच्या गाड्यांचा फोनही असाच मुका झाला होता.

फ्यूज मात्र काढू नका. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या अनेक मॉडेलांत ब्लूटूथ आणि माइक ऑनस्टारच्या त्याच डब्यातून जातात. फ्यूज काढला की मोबाइलचे हँड्स-फ्रीही जाते, आणि मग लोक ब्लूटूथ बिघडले म्हणून रेडिओ बदलत बसतात.

प्रश्न : २०१२ची ऑडी ए-६ घेतली आहे. एमएमआयजवळ (गाडीच्या पडद्याच्या यंत्राजवळ) सिमची खाच आहे. टेलिकॉम या जर्मन मोबाइल कंपनीचा करार आहे, आयफोन वापरतो. गाडीचा फोन त्याच नंबरवर आणता येईल का? (श्टुटगार्ट)

उत्तर : येईल, आणि या अंकातल्या पत्रांत सर्वांत सरळ सुटणारा प्रश्न हाच आहे. टेलिकॉमकडून मल्टिसिम मागवा : नंबर तोच, कार्ड दुसरे, महिन्याचे शुल्क वेगळे. कॉल आला की फोन आणि गाडी दोन्हीकडे वाजते.

या गाड्यांत सिम ॲक्सेस नावाची सोय असते. तिच्यात गाडी ब्लूटूथवरून फोनचे सिम उसने घेते आणि स्वतःच्या अँटेनाने बोलते. आयफोनने ही सोय कधीच दिली नाही, म्हणून तुम्हाला दुसऱ्या कार्डाची गरज आहे. आयफोन साध्या हँड्स-फ्रीने जोडला जाईल, पण मग बोलणे फोनच्याच अँटेनावर चालेल.

खाच जुन्या मिनी आकाराची, २५ गुणिले १५ मिलिमीटरची आहे. कार्ड मागवताना तोडून तिन्ही आकार होणारे मागवा आणि मोठ्या आकारातच वापरा. नॅनो कार्ड प्लास्टिकच्या चौकटीत बसवून घातले, तर बाहेर काढताना चौकट आत अडकते आणि अख्खे यंत्र उघडावे लागते. कार्ड घालण्यापूर्वी त्याचा पिन फोनमध्ये एकदा तपासा. गाडीत तीनदा चुकला तर पीयूके (अडकलेले सिम उघडायचा कोड) लागेल. मग मेनूत सिम फक्त डेटासाठी की फोनसाठीही, हे निवडा. हा पर्याय राहून गेला की सिम चालू दिसते, पण कॉल येत नाहीत.

डेटाची आशा मात्र ठेवू नका. या गाडीचा मोडेम थ्री-जीपर्यंतचा आहे आणि जर्मनीतली थ्री-जी जाळी २०२१मध्ये बंद झाली. उरले टू-जी, ज्यावर बोलणे नीट होते, पण नकाशाची चित्रे उतरता उतरत नाहीत. टेलिकॉमने टू-जीही २०२८च्या मध्यावर बंद करण्याचे जाहीर केले आहे. वर्षभराचे शुल्क हिशेबात धरून मगच मागवा.

प्रश्न : बीएमडब्ल्यू आय-४मध्ये पर्सनल ई-सिम (गाडीत माझ्याच नंबरचे दुसरे सिम) चालू केले. तेव्हापासून बँकेचा ओटीपी फोनवर येत नाही. (म्युनिक)

उत्तर : ओटीपी गाडीकडे जात असणार. मल्टिसिममध्ये कॉल सगळीकडे वाजतात, पण एसएमएस एकाच कार्डावर उतरतो. टेलिकॉमचा करार असेल तर हातातल्या फोनवरून स्टार २२२ हॅश लावा, म्हणजे एसएमएस पुन्हा फोनवर येतील. स्टार २२१ हॅशने सध्याची स्थिती कळते. जर्मनीत टेलिकॉम आणि व्होडाफोन यांनी ही सेवा २०२१च्या अखेरीस आयएक्स मॉडेलपासून सुरू केली. हे ई-सिम बीएमडब्ल्यू आयडीला, म्हणजे तुमच्या बीएमडब्ल्यू खात्याला, बांधलेले असते, गाडीला नाही. म्हणून गाडी दुसऱ्याला चालवायला देताना गाडीच्या पडद्यावर तुमच्या खात्याऐवजी पाहुण्याचे (गेस्ट) खाते निवडा, नाहीतर तुमचे कॉल त्याच्यासमोर वाजतील.

प्रश्न : ह्युंदाई व्हेन्यूमध्ये ब्लूलिंकचे (ह्युंदाईच्या गाडीतल्या इंटरनेट सेवेचे) ई-सिम आहे. ते माझ्या पोस्टपेड फॅमिली प्लॅनमध्ये घेता येईल का? निदान त्यावरून फोन तरी लावता येईल का? (पुणे)

उत्तर : दोन्हीला नाही. हे सिम यंत्रांच्या आपापसातल्या संवादासाठी दिलेले असते, त्याचा नंबर १३ आकडी असतो आणि ते तुमच्या नावाच्या मोबाइल जोडणीत मोडत नाही. दूरसंचार विभागाने २०१८मध्ये अशा सिमांवर बंधने घातली : कॉल आणि एसएमएस आधी ठरवून दिलेल्या मोजक्याच नंबरांशी, डेटाही ठरलेल्या पत्त्यांवरच. म्हणून एसओएसचे बटण दाबले की कॉल सेंटर लागते, पण घरचा नंबर लागत नाही. यात विक्रेत्याची लबाडी नाही आणि दुकानात वाद घालून काही हाती लागणार नाही. ब्लूलिंकची मुदत संपल्यावर नूतनीकरणही ह्युंदाईकडेच करायचे, मोबाइल कंपनीकडे नाही.

प्रश्न : मग बाजारात मिळणारा सिमच्या खाचेचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला तर? (सांगली)

उत्तर : तो चालतो, कारण त्यात सिम तुमच्या नावाचे असते. पोस्टपेड फॅमिली प्लॅनचे जास्तीचे सिम रीतसर केवायसी करून घ्या. त्याला स्वतःचा वेगळा नंबर असेल. जर्मनीतल्यासारखे एकाच नंबरचे दुसरे कार्ड इथे स्टिरिओसाठी मिळत नाही.

घेताना खोक्यावरच्या ‘फोर-जी’ अक्षरांवर जाऊ नका, बँड (यंत्र कोणत्या लहरींवर चालते ते) विचारा. जिओचे फोर-जी बँड ३, ५ आणि ४० वर आहे. यातले ५ आणि ४० नसतील, तर शहराबाहेर यंत्र सतत नेटवर्क शोधत राहते. दुसरी अडचण कॉलची. अशा बऱ्याच यंत्रांत व्होल्टी (फोर-जीवरूनच बोलण्याची सोय) नसते. जिओकडे टू-जी-थ्री-जी नाही, त्यामुळे नेट धावते, पण कॉल लागत नाही. एअरटेलचे सिम टू-जीवर उतरून कॉल लावते. दुकानात आपले सिम घालून एक कॉल लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

फिटिंगला उभे राहा. फोर-जीचा पट्टी अँटेना बहुतेक फिटर स्टिरिओच्या मागेच, धातूच्या पिंजऱ्यात कोंबतात आणि अर्धी रेंज तिथेच जाते. तो डॅशबोर्डच्या वरच्या कडेला, काचेजवळ चिकटवून घ्या. पिवळी वायर कायम बॅटरीला आणि लाल वायर चावीने चालू होणाऱ्या पुरवठ्याला जाते. दोन्ही एकत्र जोडल्या, तर गाडी उभी असतानाही मोडेम जागा राहतो आणि बॅटरी उतरते. चावी काढल्यावर पडदा विझला, तरी भागत नाही. पाच मिनिटांनी त्या सिमच्या नंबरवर फोन करा. रिंग गेली तर वायरिंग चुकले आहे किंवा यंत्राच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ लांब ठेवलेली आहे.