‘सूत्रां’वर विश्वास ठेवायचा कसा?

प्रश्न : सभेत नेते गरजतात, ‘हिंमत असेल तर नाव छापा, नाहीतर बातमी खोटी!’ लोक टाळ्या वाजवतात. मग ‘सूत्रांनी सांगितले’ यावर आम्ही विश्वास का ठेवायचा?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सरसकट ठेवू नका. पुणे महापालिकेतल्या निविदेतला घोळ एखादा कनिष्ठ अभियंता सांगतो, तेव्हा नाव छापलं की त्याची बदली किंवा चौकशी ठरलेलीच. त्याला आडोसा द्यायलाच हवा. पण सत्तेतला माणूस प्रतिस्पर्ध्याबद्दल पुडी सोडतो आणि बातमीदार ती जशीच्या तशी छापतो, तेव्हा तोच आडोसा पळवाट होतो. अशा पुड्यांमुळेच नेत्याच्या गर्जनेला बळ मिळतं.

‘विश्वसनीय सूत्रे’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ‘स्थायी समितीच्या बैठकीला हजर असलेला अधिकारी’ यातून बरंच कळतं. नाव का लपवलं, तेही बातमीत यायला हवं. दुजोरा देणाऱ्या दोघांनी एकाच तिसऱ्याकडून ऐकलं असेल, तर ती दोन सूत्रं नव्हेत, एकच. आणि निनावी माणसाची माहिती छापावी, शेरेबाजी कधीच नाही. नाव वाचकापासून लपलेलं असलं, तरी संपादकाला ते ठाऊक असलंच पाहिजे.

नाव मागणारे स्वतः काय करतात, तेही बघा. फेब्रुवारी 2017 मध्ये ट्रम्प यांनी नावाशिवाय सूत्रं वापरू देऊ नयेत, असं जाहीर भाषणात सांगितलं. त्याच दिवशी त्यांच्याच अधिकाऱ्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर पत्रकारांना माहिती दिली होती.

प्रश्न : सूत्राचं नाव लपवायला कायद्याचं संरक्षण आहे का?
— पत्रकारितेची विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : अपुरं आहे. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम 15(2) फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजात संरक्षण देतं, कोर्टात नाही. विधी आयोगाने 1983 मध्ये पुरावा कायद्यात तशी तरतूद सुचवली होती. 2023 च्या नव्या कायद्यातही ती आली नाही.

म्हणून काळजी आपणच घ्यायची. मिळालेल्या कागदाचा फोटो छापू नका. एकाच पत्राच्या चार प्रती चार टेबलांवर जातात. आवक क्रमांक, शिक्का, समासातला शेरा यांवरून प्रत कुणाची ते लगेच ओळखतात. मजकूर टाइप करून घ्या. माहिती अधिकारात 10 रुपये शुल्काचा अर्ज करून मूळ कागदाची प्रत मागवता येते, उत्तराची मुदत 30 दिवस. मात्र अर्जात नेमका त्या पत्राचा क्रमांक टाकू नका, निविदेची पूर्ण फाइल मागा. क्रमांक दिसला की कागद फुटल्याचं कार्यालयाला तिथेच कळतं.