सुती धाग्याचा जाळीदार टॉप

प्रश्न: आजवर मी लोकरीचे स्वेटर विणले आहेत. आता उन्हाळ्यासाठी जाळीची नक्षी असलेला सुती टॉप विणायचा आहे. तो धुतल्यावर सैल पडू नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: लोकरीची लवचीकता सुती धाग्यात नसते, त्यामुळे ताणलेला टाका पूर्ववत होत नाही आणि कपडा स्वतःच्याच वजनाने लांबतो. म्हणून बारीक धागा आणि ३.५ ते ४ मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात, जाळीच्याच विणीचा साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवावा आणि मगच टाके मोजावेत. हा चौकोन टाळण्याचा मोह होतो, पण सारे माप त्यावरच अवलंबून असते. जाळीत सुईवर धागा घेऊन वाढवलेल्या प्रत्येक टाक्यासाठी दुसरीकडे दोन टाके एकत्र विणावे लागतात, तेव्हा उलट बाजूच्या ओळीत टाक्यांची संख्या तपासत जावे. संपूर्ण टॉप जाळीचा करण्यापेक्षा ती नक्षी गळ्याखाली आणि खालच्या काठाला ठेवणे मला अधिक योग्य वाटते. खांदे शिवून जोडावेत, कारण शिवणीचा त्यांना आधार मिळतो. धुतलेला टॉप मापाप्रमाणे पसरून, टाचण्या लावून आडवाच वाळवावा. दोरीवर टांगू नये.